स्पॅनिशचे दोन क्रेडिट

खारघर स्टेशनाकडून कॉलेजकडे जाणारा रस्ता एप्रिलमध्ये सोनमोहराने पिवळा होतो. सकाळी सातला, झाडणाऱ्या बायका यायच्या आधी गेलं, तर फुटपाथची फरशी दिसत नाही. फुलं इतकी हलकी की पाय पडला तरी चिरडत नाहीत, नुसती दबतात, आणि दोन-चार चपलेला चिकटून घरापर्यंत येतात. गेल्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी मी त्या रस्त्याने गेले. कॉलेजच्या कुंपणाशी एक मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, मेजर झालं, मायनर झालं, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट दिलं, पण सर बोलतात लँग्वेजचे दोन क्रेडिट दिसत नाहीत. आवाज रडवेला होता, आणि बोटं मात्र एकेक विषय मोजत होती.

मी चपलेतली फुलं झटकायच्या निमित्ताने जरा थांबले. तिला सांगावंसं वाटलं की दोन वर्षांपूर्वी याच कुंपणाशी, याच दोन क्रेडिटांसाठी, मीही असंच तोंड करून उभी होते, आणि तेव्हा माझं वय चव्वेचाळीस होतं. पण परीक्षेच्या दिवसांत अनोळखी बाईने येऊन असलं काही सांगितलं तर पोरगी आणखीच घाबरायची. मी पुढे निघाले. तिला सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डाला लागून आमचं ऑफिस आहे. माल परदेशी जायचा तर जहाजाच्या आधी कागद जावे लागतात, आणि ते कागद आम्ही तयार करतो. बारावी, टायपिंगचा कोर्स आणि लग्न, या क्रमाने मी तिथे पोचले आणि कॉलेजात नाव घातलं तोवर सतरा वर्षं एकाच खिडकीशी बसून होते. खिडकीतून लाल, निळे, मळकट हिरवे डबे एकावर एक रचलेले दिसायचे आणि त्यांच्या फटीतून हिवाळ्यात, पलीकडच्या पाणथळ जागेत, गुलाबी ठिपक्यांसारखे रोहित पक्षी. माझ्या टेबलावर माल कधी येत नसे. माल म्हणजे त्याचं इंग्रजी नाव, पेट्यांचा आकडा, डब्याचा नंबर आणि बंदर. मोंबासा, सांतोस, कल्लाओ. ही नावं मी इतक्या वेळा टाइप केली होती की बोटांना ती पाठ होती. तोंडाला एकही नव्हतं. त्यांचा उच्चार काय, तिथे ऊन असतं की थंडी, डबा उघडतो तो माणूस कोण, हे प्रश्न जेवणाच्या सुट्टीत कधीतरी मनात यायचे आणि डबा बंद केला की जायचे.

कॉलेजात जायचं कारण मी घरी सरळ सांगितलं. विभागप्रमुखाची जागा पुढेमागे रिकामी होणार होती आणि तिला पदवी लागते, असं साहेब म्हणाले होते. हे कारण खरंच होतं. दुसरं सांगायला मला लाज वाटली. मला त्या कागदांच्या पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईने नुसत्या कुतूहलापायी कॉलेजात जाणं मलाच परवडण्यासारखं वाटत नव्हतं, म्हणून बढतीचं नाव पुढे केलं. माझा नवरा सतीश बेलापूरला पतपेढीत नोकरी करतो, शांत स्वभावाचा माणूस. त्याने विचारलं ते एवढंच, की सकाळचे वर्ग किती वाजता सुटतात. पावणेअकराला, म्हटलं. मग जमेल, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा डबा त्याने स्वतःकडे घेतला. साहेबांनी मला दुपारची पाळी दिली.

आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या पदवीला काय काय लागतं, याचा एक पाठपोट कागद प्रवेशाच्या खिडकीवर मिळाला होता. तो मी खांदेश्वरच्या आमच्या घरात फ्रिजच्या दाराला लावला. अर्थशास्त्र, व्यापाराचे कायदे, परकीय चलन, मालाची वाहतूक आणि साठवण, हे विषय असणारच होते. पण त्याखाली भलतंच काही होतं. संख्याशास्त्र सगळ्यांना सक्तीचं. पर्यावरणाचा एक पेपर. खेळ किंवा योग, दोन सत्रं. एखाद्या देशाच्या बाजारपेठेवर प्रकल्प. सहा आठवड्यांची इंटर्नशिप. आणि परदेशी भाषा, फ्रेंच, जपानी किंवा स्पॅनिश, लेखी आणि तोंडी. माझी मुलगी ईशा तेव्हा नववीत होती. ती कागदासमोर उभी राहून वाचत होती, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुला पीटीपण आहे."

पीटी होतं खरंच. अठरा वर्षांच्या मुलींबरोबर मी थ्रोबॉल खेळले. पहिल्या दिवशी ओढणी कमरेला बांधून उभी राहिले, तेव्हा त्या मला काय म्हणायचं यावर अडल्या. मॅडम म्हणावं तर मी शिकवत नव्हते. ताई म्हणावं तर त्यांच्या आयांच्या वयाची. शेवटी तन्वी नावाच्या, माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलीने काकू म्हटलं आणि तेच रूढ झालं. "काकू, वर बघा, बॉल येतोय," हे वाक्य दोन सत्रं मी ऐकलं. संख्याशास्त्रही तन्वीनेच मला शिकवलं, कॅन्टीनच्या टेबलावर, साबुदाणा वड्याच्या कागदावर आलेख काढून. मी तिला लेडिंगचं बिल, म्हणजे जहाज कंपनी माल ताब्यात घेतल्याची जी पावती देते ती, कशी वाचायची ते शिकवलं. पुस्तकात त्या पावतीचा फोटो होता पण इतका बारीक छापलेला की काही वाचता येत नव्हतं. मी ऑफिसातून एक कोरा नमुना आणून दाखवला. वर्गात तो हातोहात फिरला. सतरा वर्षं जे रोज हाताखालून गेलं, ते कुणीतरी उजेडाकडे धरून बघतंय, याची मला मोठी गंमत वाटली होती.

हे सगळं कशाला लागतं, असा प्रश्न मला पहिल्या वर्षी वारंवार पडे. व्यापार शिकायचा तर पर्यावरण का, थ्रोबॉल का. पुढे तो प्रश्न आपोआप बदलला. हा कागद कुणी बनवला असेल, असं वाटायला लागलं. कुठल्यातरी खोलीत चार माणसं बसली असतील आणि माल परदेशी पाठवणाऱ्या माणसाला काय काय यायला हवं, यावर वाद घालत असतील. एकाने म्हटलं असेल, त्याला आकडे यायला हवेत. दुसऱ्याने म्हटलं असेल, त्याला धावता यायला हवं. आणि तिसऱ्याने, जरा उशिराने, की ज्याला माल पाठवतो त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता यायला हवं. त्या तिसऱ्या माणसाला मी पुढे पुष्कळ नावं ठेवली.

इंटर्नशिपचं कळलं तेव्हा मी अभ्यासक्रम सांभाळणाऱ्या प्रधान सरांकडे गेले. त्यांना म्हटलं, मी याच धंद्यात सतरा-अठरा वर्षं आहे, मला कसली इंटर्नशिप. सर भले होते. त्यांनी नियमांची फाइल काढून माझ्यासमोरच वाचली आणि म्हणाले की अनुभव धरायची सोय नियमात नाही, आणि स्वतःच्या ऑफिसात केलेली चालत नाही. मला राग आला. साठवलेली सगळी रजा मी एकदम काढली आणि तुर्भ्याला मसाले निर्यात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत सहा आठवडे गेले.

तिथे पहिल्याच सकाळी एक पोतं उघडलं गेलं. जिरं. जिऱ्याचं इंग्रजी नाव मी किती वेळा टाइप केलं असेल याला गणती नाही, आणि फोडणीत तर ते रोज पडतं. पण दोन्ही एकच आहेत हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. लांब टेबलांशी बायका बसल्या होत्या, डोक्याला टोप्या, तोंडाला फडकं, आणि बोटांनी खडे, काड्या वेचत होत्या. धूळ नाकात जायची. संध्याकाळी घरी आले की सतीश म्हणायचा, आज फोडणी झालीस. त्यातली बरीचशी पोती कल्लाओला चालली होती. पेरू देशातलं बंदर. तिथे जिरं कशात घालतात, असं मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, आपण पाठवतो, ते घालतात.

आता स्पॅनिशचं सांगते. गार्गी मॅडम शिकवायच्या. वाशीला राहणारी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, चटचट बोलणारी मुलगी. मी स्पॅनिश घेतली कारण ती सोपी असते असं तन्वी म्हणाली होती. सोपी वाटलीही सुरुवातीला. आपल्याला त्यांचा 'र' येतो, त्यांचा 'त' येतो, आपला 'ञ' त्यांच्याकडे वर लाट असलेल्या 'न'सारखा लिहितात. पण आपल्या एका 'आहे'ला त्यांच्याकडे तीन शब्द निघाले. मी बाई आहे, याला 'सेर'. मी दमलेली आहे, याला 'एस्तार'. जे बदलत नाही ते सेर, जे आत्तापुरतं आहे ते एस्तार, असं मॅडमनी ढोबळ सांगितलं. मग एकाने विचारलं, लग्न झालेलं आहे, याला काय. बहुतेक वेळा एस्तार, म्हणाल्या. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, मेलेला माणूस मेलेला आहे, यालाही एस्तारच वापरतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा सतीश बराच वेळ विचार करत बसला होता.

तिसरा शब्द मला सगळ्यात आवडला. कुठे काही असलं, की 'आय'. लिहिताना मात्र एच, ए, वाय. एच लिहायचा आणि म्हणायचा नाही. आमच्या यार्डाच्या फाटकावर रजिस्टर सांभाळणारे काशिनाथदादा तिथल्याच जुन्या गावचे. त्यांच्या बापाचं मिठागर होतं, जिथे आता डबे आहेत. ते म्हणायचे, "पयलं इथं मीठ व्हतं, आता डबा हाय." पानी हाय. गाडी हाय. मी वहीत तो स्पॅनिश शब्द लिहिला तेव्हा अक्षरं डोळ्यांपुढे आली ती 'हाय' अशी. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूला कुणीतरी पाणी आहे म्हणायला जवळजवळ काशिनाथदादांसारखंच बोलतं, हा योगायोगच, मला ठाऊक आहे. पण त्यानंतर तो शब्द मी कधी विसरले नाही.

शब्द मी विसरत नव्हतेच. ईशा कार्डं करून माझी उजळणी घ्यायची. लेखी परीक्षेत मी तन्वीपेक्षा पुढे होते. शेवटच्या सत्राची तोंडी परीक्षा मार्चअखेरीस होती. बाहेरून परीक्षक आले होते, वयस्कर, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. मी कुटुंब, हवामान, आवडता पदार्थ, सगळं पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं, "दोंदे त्राबाखा उस्तेद?" तुम्ही कुठे काम करता.

इतका साधा प्रश्न. पण माझ्या पाठांतरात तो नव्हता. मी म्हटलं, "सी." म्हणजे हो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा, सावकाश, विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. डोक्यात डबे दिसत होते, खिडकी दिसत होती, रोहित दिसत होते, आणि त्यातल्या कशालाही शब्द चिकटत नव्हता. ते थांबले. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो मला ऐकूच आला नाही.

निकाल लागला तेव्हा सगळ्या रकान्यांत खूण होती आणि एकात नव्हती. प्रधान सर म्हणाले, "मॅडम, एवढंच राहिलंय. मेअखेरीस पुन्हा तोंडी देता येईल." खेळाचे माझे दोन जास्तीचे क्रेडिट इकडे धरता येतील का, असं मी विचारून पाहिलं. सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. क्रेडिट असे इकडचे तिकडे जात नाहीत, म्हणाले. बाहेर आले तेव्हा रस्ता पिवळा होता आणि मुलं पुस्तकं डोक्यावर धरून उन्हातून पळत होती. कुंपणाला टेकून मी उभी राहिले. ऑफिसात विभागप्रमुखाची जागा जूनमध्ये भरणार होते. मी नापास झाल्याचं तिथे कुणाला सांगितलं नाही. पण खरी बोच जागेची नव्हती. वीस वर्षं व्हायला आली त्या नोकरीला, आणि कुठे काम करता या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गार्गी मॅडमना भेटले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही उत्तरं पाठ करता. तुम्हाला स्वतःला कुणाला काही विचारायचंय का? एक तरी खरा प्रश्न?"

मला एकदम कळलं की आहे, आणि कुणाला तेही कळलं.

कल्लाओच्या एका एजंटच्या ऑफिसात एम. रोजास नावाचा माणूस होता. आमचा माल तिथे पोचला की कागद तो बघायचा. नऊ वर्षं आमचे मेल चालू होते. डिअर सर, कागद जोडले आहेत. डिअर सर, कागद मिळाले, तिसऱ्या पानावर वजन चुकलं आहे. यापलीकडे एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला साहेबांच्या परवानगीने वेगळा मेल लिहिला. मला परीक्षेसाठी स्पॅनिश बोलायचं आहे, तुम्ही दहा मिनिटं द्याल का, आणि काही प्रश्न विचारू का. 'पाठवा'वर बोट ठेवून मी बराच वेळ बसले होते. उत्तर चार ओळींचं आलं. मंगळवारी चालेल. तुमची संध्याकाळ, माझी सकाळ. आणि खाली पहिल्यांदाच पूर्ण सही, मारिसोल रोहास.

साडेसहाला मी ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत लॅपटॉप लावला. पडद्यावर एक गोल चेहऱ्याची, माझ्याच वयाची बाई आली. मागे खिडकी, खिडकीत राखाडी आभाळ, हातात पावाचा तुकडा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही मिस्टर वैशाली?" मी म्हटलं, "तुम्ही मिस्टर रोजास?" आम्ही दोघी इतक्या हसलो की काशिनाथदादा दारातून डोकावून गेले. तिने सांगितलं, रोजास नाही, रोहास. आणि कल्लाओ नाही, कायाओ. नऊ वर्षं मी तिचं नाव आणि तिचं गाव, दोन्ही चुकीचं वाचत होते.

मी वहीत लिहून आणलेले प्रश्न तसेच राहिले. तिलाच विचारायचं होतं. दर कागदावर मी द्रोणागिरी लिहिते, ते काय आहे. मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. आय उना मोन्तान्या. एक डोंगर आहे. एक देव, औषध आणायला जातो. औषधाचं पान हवं असतं, तो सगळा डोंगर उचलतो आणि उडतो. उडताना एक तुकडा इथे पडतो. क्रियापदं सगळी चुकली असणार. मारिसोल पाव खायची थांबली. सगळा डोंगर का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्याला पान ओळखता आलं नाही. ती गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे लेबल नव्हतं."

जगात दोनच बायकांना एवढं हसू येईल असा तो विनोद होता, आणि त्या दोघी तिथे होत्या.

मग मी जिऱ्याचं विचारलं. तिने सांगितलं की त्यांच्या घरात मटणाला, सुपाला, बटाट्याला, कशालाही जिरं लागतं, आणि ते इतक्या लांबून येतं हे तिच्या आईला खरं वाटत नाही. मी खिडकीकडे लॅपटॉप फिरवून रोहित दाखवायचा प्रयत्न केला. त्या महिन्यात थोडेच उरले होते. गुलाबी पक्षी, म्हटलं. तिच्याकडेही आहेत, म्हणाली, दक्षिणेला, समुद्रकाठी. त्यांच्या झेंड्याचे रंग त्या पक्ष्यांवरून घेतले अशी गोष्ट तिकडे सांगतात.

शेवटी तिने माझ्या परीक्षेबद्दल विचारलं. मी सांगितलं की सगळं झालं, एकच गोष्ट राहिली. ती म्हणाली की तिचंही तेच आहे. तिच्याकडे पदवीला परदेशी भाषा लागते. सगळे विषय झाले, इंग्रजीची परीक्षा तेवढी राहिली, मग मूल झालं, नोकरी लागली. बारा वर्षं तो कागद विद्यापीठात पडून आहे. मी म्हटलं, पण तू मला नऊ वर्षं इंग्रजीत लिहितेस. ती म्हणाली, "सहा वाक्यं आहेत. तीच फिरवून लिहिते. तूही तीच लिहितेस."

ते खरं होतं. त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही बोललो. दहा मिनिटं तिची भाषा, दहा मिनिटं इंग्रजी, कारण माझी भाषा तिच्या परीक्षेला नव्हती. तरी 'कशी आहेस' एवढं तिने शिकून घेतलं. एकदा तिने विचारलं की तुमच्या या 'आहे'ला आमच्यासारखे किती शब्द. एकच, म्हटलं. तिला ते फार गरीब वाटलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या 'आहे'चा अभिमान वाटला, की एकटा केवढं ओझं वाहतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तोंडी झाली. सोनमोहर संपत आला होता, झाडाखाली काळपट शेंगा पडू लागल्या होत्या. खोलीत तेच परीक्षक आणि वर तोच किरकिरणारा पंखा. त्यांनी बहुधा मला ओळखलं, कारण तोच प्रश्न विचारला. कुठे काम करता. मी सांगितलं. जिथे डबे आहेत तिथे. आधी मीठ आहे, असं मी म्हणाले, आणि त्यांनी हळूच दुरुस्त केलं, होतं. होतं, म्हटलं. पक्षी आहेत. एक डोंगर आहे. माझी मैत्रीण कायाओला आहे, ती सकाळी पाव खाते आणि माझे कागद वाचते. ते विचारत गेले, मी अडखळत गेले, पण थांबले नाही. एका वाक्यात मी सेर आणि एस्तार दोन्ही घातले, कुठलातरी बरोबर असेल म्हणून. त्यावर ते हसले. लेबलाचा विनोद मी सांगितला, तो त्यांना कळला नाही.

पास झाले. काठावर, म्हणजे अगदी काठावर. निकाल यायला जुलै उजाडला आणि विभागप्रमुखाची जागा जूनमध्येच दुसऱ्या कंपनीतून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली होती. मला वाईट वाटलं. ते गृहस्थ कामाला चांगले निघाले, हे मला आणखी अवघड गेलं. काही महिन्यांनी त्यांनीच दक्षिण अमेरिकेकडच्या मालाचं सगळं काम माझ्याकडे दिलं, कारण फोन उचलून बोलणारी ऑफिसात मी एकटी होते. खिडकी तीच आहे. मारिसोलने तेव्हा परीक्षा दिली नाही, पुढच्या वर्षी दिली आणि नापास झाली, आणि मग बरेच महिने इंग्रजीचं नाव काढलं नाही. या एप्रिलमध्ये ती पुन्हा बसते आहे. शुक्रवारी तिला मी तिच्या परीक्षकासारखी प्रश्न विचारते आणि ती माझ्यासारखीच अडते, साध्या प्रश्नांना.

पदवीचा कागद हातात आला त्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. पाटण तालुक्यात आमचं गाव, तिथे माझे वडील, आबा, असतात. तरुणपणी ते तिथून निघाले आणि तुर्भ्याच्या घाऊक बाजारात एकतीस वर्षं माथाडी होते, पाठीवरून पोती वाहायचे. आता पाठ धरते, म्हणून लाकडी खुर्चीतच बसतात. त्यांना इंग्रजी येत नाही. गुणपत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि मला म्हणाले, एकेक वाच आणि काय ते सांग.

मी अंगणात खाली बसून वाचलं. अर्थशास्त्राला त्यांनी मान हलवली. परकीय चलनाला म्हणाले, बरं. पर्यावरण त्यांना पटलं. खेळाचं ऐकून माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. स्पॅनिशच्या ओळीला मी एक वाक्य बोलून दाखवलं, ते त्यांनी पुन्हा बोलायला लावलं. मग मालाच्या वाहतुकीचा पेपर आला. हे म्हंजी आमचंच काम की, म्हणाले. हो आबा, म्हटलं, तुमचंच.

मग त्यांनी सांगितलं की पोत्यावर रंगाने खुणा असायच्या. वाचता यायच्या नाहीत, पण खुणेवरून कळायचं की हा माल बाहेरदेशी चाललाय. त्यांनी गाडीत चढवला की गाडी फाटकातून जायची. त्याच्या पुढचं कधी कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आता तू शिकलीस तर सांग, म्हणाले, कांदा कुठं जायचा.

मी सांगितलं. दुबईला जायचा, कोलंबोला जायचा, मलेशियाला जायचा. जहाज किती दिवसांनी पोचतं, वाटेत डब्यात वारा कसा खेळता ठेवतात, तिकडे कागद कोण तपासतं, मला येत होतं ते सगळं सांगितलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आन तिकडं ती पोती उतरवून कोन घ्यायचं?"

मी गुणपत्रिकेकडे बघितलं. तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

"माहीत नाही, आबा," मी म्हटलं. "विचारून सांगते."